थिबा राजा आणि त्याचा पॅलेस

रत्नागिरीला ट्रिप गेली की बघायच्या जागा ठरलेल्या असतात. रत्नदुर्गावरची भगवती, भाट्याचा किनारा, लोकमान्यांचं जन्मस्थान, मांडवीची जेटी, आणि मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या. याच यादीत कुठेतरी थिबा पॅलेसही असतो. लालसर रंगाची मोठी इमारत, उतरती छपरं, नक्षीच्या अर्धगोल लाकडी खिडक्या आणि दूरवर दिसणारी भाट्याची खाडी. आत सरकारी संग्रहालय आहे. लोक तासाभरात सगळं बघून, खिडकीपाशी फोटो काढून बाहेर येतात. थिबा कोण होता असं विचारलं तर उत्तरही तयार असतं : ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला होता.

उत्तर बरोबर आहे. पण पॅलेस या शब्दाने थोडा घोटाळा होतो. राजवाडा म्हटलं की आपल्याला वाटतं, राजाने हौसेने बांधला असेल. इथे तसं नाही. ही वास्तू ब्रिटिश सरकारने आपल्या एका कैद्यासाठी बांधली, आणि तीसुद्धा त्याला पकडून आणल्यावर पंचवीस वर्षांनी. कैदी जेमतेम सहा वर्षं तिच्यात राहिला आणि तिथेच वारला. म्हणजे आपण आत जाऊन जे बघतो तो खरं तर एक तुरुंगच, फक्त त्याचं लाकूड उत्तम आहे. या लाकडाची गोष्ट पुढे येईलच.

आता रत्नागिरीहून थेट मंडालेला जाऊ. १८५९ च्या १ जानेवारीला थिबाचा जन्म झाला तेव्हा त्याचा बाप मिंडान ब्रह्मदेशाच्या गादीवर होता आणि मंडाले ही त्याची नवीकोरी राजधानी होती. राज्याचे लचके आधीच तुटलेले होते. १८२४ ते २६ च्या पहिल्या युद्धात आराकान आणि तेनासरीम गेलं, १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसकट सगळा दक्षिण भाग गेला. उरलेल्या राज्याला समुद्रकिनाराच राहिला नाही. तरी मिंडान हा समजूतदार राजा होता. त्याने कारखाने उभारले, तारायंत्र आणलं, आगबोटी घेतल्या, हुशार मुलांना शिकायला युरोपात पाठवलं. बौद्ध धर्मग्रंथ ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले, ते आजही मंडालेत उभे आहेत. चूक एकच, पण फार मोठी. त्याने वारस ठरवला नाही. त्यालाही कारण होतं. आधी त्याने आपल्या भावाला, कनाँगला, युवराज केलं होतं, आणि १८६६ साली मिंडानच्याच दोन मुलांनी बंड करून त्या काकाला मारलं. त्यानंतर कुणाचं नाव जाहीर करायची राजाला छातीच झाली नाही.

मिंडानला शंभरावर मुलं होती. त्यांत थिबाला कुणी मोजत नव्हतं. आई राजाच्या मर्जीतून उतरलेली, त्यामुळे पाठीशी कुणी नाही. थिबा हे तर त्याचं नावही नव्हे. शान प्रांतात सीपॉ नावाचं गाव आहे, ब्रह्मी लोक त्याला थिबॉ म्हणतात. ते गाव त्याला उत्पन्नासाठी तोडून दिलेलं होतं, म्हणून तो थिबाचा राजपुत्र. आपल्याकडे सातारकर, इचलकरंजीकर म्हणतात तसाच प्रकार. गंमत म्हणजे त्याच्या देशातल्या एका गावाचं नाव आज रत्नागिरीच्या रस्त्याला आहे.

मुलगा अभ्यासू होता. काही काळ तो मंडालेतल्या डॉक्टर मार्क्स नावाच्या पाद्र्याच्या मिशन शाळेत जात होता. शाळेला पैसा मिंडान राजानेच दिला होता. राजपुत्र हत्तीवर बसून, डोक्यावर सोनेरी छत्र धरून शाळेत येत, आणि ते वर्गात शिरले की बाकीची पोरं जमिनीला टेकत. मीही सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलेली असल्यामुळे ही हजेरी डोळ्यापुढे आणायला मला फार मजा वाटते. मार्क्ससाहेबाच्या आठवणीत आहे की थिबा क्रिकेट खेळायचा आणि आउट झाला की तोंड सोडायचा. पुढे तो मठात गेला, भिक्षूची वस्त्रं घातली आणि १८७७ साली पाली धर्मग्रंथांच्या अवघड परीक्षेत मोठं यश मिळवलं. बापाला अतिशय आनंद झाला. त्याला तसंच राहू दिलं असतं तर तो बहुतेक एखाद्या विहाराचा विद्वान प्रमुख झाला असता.

पण राणीवशात वेगळंच शिजत होतं. मिंडानची एक बलाढ्य राणी होती, सिनब्यूमाशिन. तिला मुलगा नव्हता, मुली होत्या. मधली मुलगी सुपयालत थिबाच्या प्रेमात होती. आईने हिशोब केला की हा मऊ स्वभावाचा, पाठबळ नसलेला मुलगा गादीवर बसवला की राज्य आपल्या हातात राहील. १८७८ च्या ऑक्टोबरात मिंडान वारला. तो आजारी असतानाच भेटीला बोलावण्याच्या निमित्ताने बाकीच्या राजपुत्रांना अडकवण्यात आलं. मंत्र्यांनाही दुबळाच राजा हवा होता, त्यांना राजाचे अधिकार कमी करून कारभार आपल्याकडे घ्यायचा होता. दोन्ही बाजूंनी एकाच मुलाला निवडलं, आणि दोन्हींचं कारण एकच, की हा काही करणार नाही.

फेब्रुवारी १८७९ मध्ये जे घडलं ते थिबावर लिहिताना बरेच जण एका ओळीत उरकतात. मला ते बरोबर वाटत नाही. राजवाड्यात कोंडलेले थिबाचे सावत्र भाऊ, बहिणी, त्यांच्या आया आणि मुलं, अशी सुमारे ऐंशी माणसं काही दिवसांत मारण्यात आली. राजरक्त जमिनीवर सांडायचं नाही असा दंडक होता, म्हणून त्यांना मखमली पोत्यांत घालून दंडुक्यांनी मारलं असं सांगतात. मेलेल्यांत मेक्खरा राजपुत्रही होता. तो इंग्रजी उत्तम जाणणारा, बापाच्या कारखान्यांची देखरेख करणारा, म्हणजे त्या घराण्यातला इंजिनियरच. तो राजा झाला असता तर, असा विचार मनात येतोच. हुकूम सासूचा, बायकोचा की मंत्र्यांचा यावर वाद आहे, पण गादीवर वीस वर्षांचा थिबा होता. त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणणं कठीण आहे, आणि त्याने थांबवलं नाही हे तर उघडच आहे. रत्नागिरीच्या थिबाबद्दल आपल्याला वाईट वाटतं, वाटावंही. पण हा हिशोब खोडून नव्हे.

त्याच्या सात वर्षांच्या राज्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुपयालत हुकूम सोडी, तो मान्य करी. ब्रह्मी राजांना अनेक राण्या असत, पण हिने सवत म्हणून आपल्या सख्ख्या बहिणींपलीकडे कुणाला टिकू दिलं नाही. राजा वाड्याबाहेर पडायचा नाही. बाहेर पडला आणि मागे कुणी वाडा ताब्यात घेतला तर? कत्तलीतून निसटलेले दोन भाऊ इंग्रजांच्या आश्रयाला होते, त्यांची टांगती तलवार होतीच. एका अर्थी तो रत्नागिरीला यायच्या आधीपासूनच कोंडलेला होता.

आता ते लाकूड. ब्रह्मदेशाचं सागवान जगात एक नंबर. जहाजं, रेल्वेचे डबे, पूल, सगळ्याला तेच लागायचं. थिबाच्या राज्यातल्या जंगलांचं कंत्राट बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होतं. नावातच बॉम्बे आहे, कारण वॉलेस बंधूंनी ती १८६३ साली मुंबईत काढली. ही कंपनी अजूनही आहे, आता वाडिया ग्रुपची, आणि ब्रिटानियातला मोठा हिस्सा याच घरातून येतो. म्हणजे आपल्या मेसच्या चहातल्या बिस्किटाचाही धागा शोधत गेलं तर थिबाच्या जंगलापर्यंत पोचतो! तर १८८५ साली राजाच्या मंत्रिमंडळाने आरोप ठेवला की कंपनीने काढले त्यापेक्षा फार कमी ओंडके दाखवले आणि रॉयल्टी बुडवली. दंड ठोठावला, सुमारे तेवीस लाख रुपये. कंपनीने आरडाओरडा केला. त्याच सुमारास थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता, आणि ब्रह्मदेशात फ्रेंच आलेले लंडनला परवडणारे नव्हते. व्यापाऱ्यांना दंड नको होता, सरकारला फ्रेंच नको होते. ओंडक्यांचं निमित्त दोघांना पुरलं.

२२ ऑक्टोबर १८८५ ला व्हाइसरॉय डफरिनच्या सरकारने निर्वाणीचा खलिता पाठवला. अटी अशा होत्या की मान्य केल्या तर राजा नावाचाच उरला असता. थिबाने नकार दिला. नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टचं सुमारे दहा हजारांचं सैन्य आगबोटींतून इरावतीवरून वर निघालं आणि २८ तारखेला मंडालेत पोचलं. दोन आठवड्यांत खेळ खलास. याला युद्ध म्हणायचं की जलप्रवास, हा प्रश्नच आहे.

२९ नोव्हेंबरला थिबा आपल्या बागेतल्या छोट्या लाकडी मंडपात शरण आला. तयारीला वेळ मागितला, तो मिळाला नाही. हत्तीवरून मिरवणाऱ्या घराण्याचा राजा, गरोदर राणी आणि दोन लहान मुली, साध्या बैलगाड्यांत बसून नदीकडे निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक रडत होते. मागे वाड्यात लूट चालू होती. न्गा माउक नावाचं एक प्रसिद्ध माणिक, राजांच्या अंगठीतलं, याच गडबडीत नाहीसं झालं. आपण ते कर्नल स्लेडनच्या हाती सांभाळायला दिलं असं थिबाने शेवटपर्यंत सांगितलं. १९११ साली पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्याकडेही त्याने दागिन्यांची मागणी केली. माणिक काही मिळालं नाही. १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं. तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

आधी त्यांना मद्रासला नेलं. तिथे तिसरी मुलगी जन्मली. मग एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला. हेच गाव का, हे त्या वेळचा नकाशा बघितला की कळतं. रेल्वे नाही. (ती यायला १९९० चं दशक उजाडलं, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच!) एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने तर गावाला आपोआप कुलूप लागायचं. पुढे सावरकरांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, म्हणजे साहेबाचा हिशोब पक्का होता. मोगलांचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला पाठवलं होतं, तो १८६२ साली तिथे मेला. दिल्लीचा तिकडे, मंडालेचा इकडे. पायाखालची माती परकी असली की बंड होत नाही.

सुरुवातीची चोवीस वर्षं राजाचं कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिलं. १८८७ साली चौथी मुलगी रत्नागिरीतच झाली. दारावर पोलीस. गावाबाहेर जायला परवानगी लागे, कुणाला भेटायचं तरी साहेबाची नजर. सरकार नेमणूक देत असे, पण राजाला पैशाचा व्यवहार कधी शिकावाच लागला नव्हता. दानधर्म, नोकरचाकर, सणसमारंभ यात पैसा उडे आणि महिनाअखेर हात रिकामा. मग बरोबर आणलेली माणकं एक एक करून विकायची. ती मातीमोल भावाने गेली. कर्जं झाली. सरकारला अर्ज करायचे, सरकारने काटकसरीचा उपदेश करायचा, असा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. मुलींचे कान टोचायचे तरी अर्ज. गावात मात्र त्याचं नाव चांगलं होतं. दारी आलेल्याला तो देत असे, आणि कोकणी माणूस हे लक्षात ठेवतो.

घर मोठं हवं, ही त्याची जुनी तक्रार होती. अखेर सरकारने मनावर घेतलं. आराखड्यात राजाने स्वतः बारकाईने लक्ष घातलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला विचारून काहीतरी होत होतं, म्हणून असेल. १९१० साली वास्तू तयार झाली आणि वर्षाच्या शेवटी मंडळी राहायला गेली.

सिव्हिलवाल्यांनी हा पॅलेस मुद्दाम बघण्यासारखा आहे. कोकणचा दगड म्हणजे जांभा. खाणीत असताना मऊ, कुऱ्हाडीने चिरा तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन मीटरच्या आसपास, म्हणून छपरं उतरती हवीतच. मोठ्या व्हरांड्यांमुळे पावसाची झड आतल्या भिंतीपर्यंत येत नाही आणि उन्हाळ्यात खोल्या थंड राहतात. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा मोठा दिवाणखाना आहे. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती थिबानेच आणवली. एकीकडे साहेबी बंगल्याची शिस्त, दुसरीकडे ब्रह्मी डौलाची छपरं, असं ते मिश्रण आहे, आणि विचित्र वाटायच्या ऐवजी ते छान दिसतं. खिडक्यांच्या कमानींना वापरलेलं सागवान ब्रह्मदेशाचं. ज्या लाकडासाठी राज्य गेलं, त्याच लाकडाच्या चौकटीतून राजा समुद्र बघायचा. हे कुणी मुद्दाम केलं नसणार. सागवान चांगलं म्हणून मागवलं असेल, इतकंच. पण तिथे उभं राहिलं की डोक्यातून जात नाही.

आणि याच वेळची दुसरी एक गोष्ट बघा. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते. तुरुंग होता मंडालेच्या किल्ल्यात, म्हणजे थिबाच्याच जुन्या तटबंदीच्या आत. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे लाकडी खोलीत बसून टिळक शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते, आणि त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीतल्या नव्या घरात सामान लावत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत, मंडालेचा माणूस रत्नागिरीत! टिळकांनी त्या कोठडीतून एक ग्रंथ बाहेर आणला. थिबानेही पाली ग्रंथांत प्रावीण्य मिळवलेलं होतं, वेळ तर त्याच्याकडे एकतीस वर्षं होता. त्याने काही लिहिलं नाही. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण टिळकांना सुटकेची तारीख माहीत होती.

राजापेक्षा मला त्याच्या चार मुलींची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. त्या कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. राजकन्या म्हणून गावच्या मुलींत मिसळायचं नाही, आणि कैदी म्हणून दुसरीकडे कुठे जाता येत नाही. नोकरचाकरांकडून मराठी मात्र सफाईने बोलायला शिकल्या. लग्न राजघराण्यातच व्हायला हवं ही आईबापांची अट. ब्रह्मी राजवंशात सावत्र भावंडांत, चुलत भावंडांत लग्नं होत असत. पण ते सगळे भाऊ आणि चुलते १८७९ साली पोत्यांत घातले गेले होते. आईबापांनी गादीसाठी जे केलं त्याचा हप्ता मुलींनी असा भरला. तीस वर्षांची झाली तरी एकीचंही लग्न नाही.

थोरलीचं मन दारावरच्या गोपाळ सावंत नावाच्या रखवालदारावर बसलं. तो मराठी आणि विवाहित. १९०६ साली तिला मुलगी झाली, टूटू. राजाराणीवर आभाळ कोसळलं, पण बाळाला त्यांनी घराबाहेर काढलं नाही. म्हणजे पॅलेसमध्ये राहायला गेले तेव्हा ही चार वर्षांची नात बरोबर होती. दुसरी मुलगी तर बंडखोर निघाली. तिने राजाच्या पूर्वीच्या ब्रह्मी चिटणिसाशी लग्न करायचं ठरवलं. ते घरात कुणालाच मान्य नव्हतं. बापाच्या मृत्यूनंतर १९१७ साली तिने लग्न केलं आणि पुढे ती नवऱ्याबरोबर हिमालयात कालिंपाँगला जाऊन राहिली. आईने तिला माफ केलं नाही.

१९१२ साली धाकटी राणी, सुपयालतची बहीण, वारली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला, सत्तावन्न वर्षांचा होऊन. नव्या घराचा उपभोग जेमतेम सहा वर्षांचा.

पण त्याची कैद संपली नाही. सुपयालतने हट्ट धरला की राजाचे अंत्यसंस्कार मंडालेतच होतील. सरकार तयार नव्हतं. महायुद्ध चालू होतं, राजाची शवपेटी रंगूनच्या धक्क्यावर उतरली तर लोक काय करतील याचा भरवसा नाही. बंद पेटी पॅलेसच्या आवारातच राहिली. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. शेवटी १९१९ साली सरकारने रत्नागिरीतच समाधी बांधून थिबा आणि धाकटी राणी यांना तिथे ठेवलं आणि मग बाकीच्यांना ब्रह्मदेशात जाऊ दिलं. ज्या बाईच्या शब्दावर मंडाले हलत होतं तिला मंडाले पुन्हा मिळालं नाही. तिला रंगूनमध्ये ठेवण्यात आलं. १९२५ साली ती वारली, तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाच्या जवळ आहे. धाकट्या राजकन्येने मात्र बापाचे दागिने आणि हक्क यासाठी सरकारशी भांडण मांडलं. तिला मौलमीनला धाडून देण्यात आलं, ती १९३६ मध्ये गेली.

थोरली राजकन्या आईबरोबर रंगूनला गेली खरी, पण तिथे तिचं मन रमेना. ती टूटूला घेऊन रत्नागिरीला परतली. पॅलेस आता तिचा नव्हता, तो सरकारचा. तिने उरलेलं आयुष्य गावात गरिबीत काढलं आणि जून १९४७ मध्ये, साहेब देश सोडून जायच्या दोन महिने आधी, ती वारली. टूटूला मराठीच आपली भाषा. तिने मराठी माणसाशी लग्न केलं, मुलंबाळं वाढवली, आणि कष्टाच्या संसारात गावातल्या चारचौघींसारखी जगली. तिला बघितलेली माणसं रत्नागिरीत आजही भेटतील, कारण ती गेली २००० साली.

थिबाचं सिंहासन लुटीनंतर कलकत्त्याच्या संग्रहालयात गेलं होतं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ साली, ते परत देण्यात आलं आणि आता ते यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मंडालेचा मूळ लाकडी वाडा दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, जळून गेला. आज तिथे दिसतो तो नव्याने बांधलेला. म्हणजे थिबा ज्या घरांत राहिला त्यांतलं मोठं असं उभं राहिलेलं घर हेच, रत्नागिरीचं.

तिथले लोकही ते विसरलेले नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन समाधीपाशी गेले. २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा ब्रह्मदेशातले त्याचे वंशज आले, भिक्षूंनी समाधीपाशी प्रार्थना केली. तुम्ही गेलात तर पॅलेस बघून झाल्यावर ही समाधीही बघा. ती गावातच आहे, पॅलेसपासून फार लांब नाही, आणि तिथे गर्दी अजिबात नसते. जांभ्याचा साधा चौथरा आहे. टिळकांच्या घराकडून निघालात तर दोन्ही गोष्टी एका दुपारीत होतात.

ऋतुजा, तृतीय वर्ष, स्थापत्य